दाराजवळची घडीची खुर्ची

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. लोखंडी नळ्यांची, बसायला आणि टेकायला लाकडी पट्ट्या असलेली, चर्चच्या सभागृहात थप्पी लावून ठेवतात त्यातली एक. मित्रांनो, जुन्या वस्तू बोलायला लागल्या की रडगाणे गातात, असा तुमचा अनुभव असेल. मी रडणार नाही. माझा रंग उडाला आहे, उडू दे. एक पट्टी बदलली आहे, तिचा रंग बाकीच्यांशी जुळत नाही, न जुळू दे. मला दया नको आहे. मला फक्त माझी हकिकत सांगायची आहे, आणि ती मी कुणाला गोड लागावी म्हणून सांगत नाही.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या शेडमध्ये झाला. वेल्डर नळ्या वाकवायचा आणि त्याची बायको दुसरे टोक धरून उभी राहायची. माझी नळी वाकवताना त्यांचे कशावरून तरी भांडण चालू होते, त्यामुळे माझा मागचा एक पाय किंचित तिरका झाला. बायको म्हणाली, ही बाजूला काढा, डुगडुगेल. वेल्डरने मला जमिनीवर टेकवून, वर बसून, डावीउजवीकडे झुलून पाहिले आणि म्हणाला, डुगडुगते पण पाडत नाही. मग त्याने मला इतर खुर्च्यांबरोबर रंगवून टाकले. माझ्याबद्दल बोलले गेलेले पहिले चांगले वाक्य तेच, आणि पुढे बरीच वर्षे मला त्याच्यावरच भागवावे लागले.

आम्हाला चर्चने घेतले. टेम्पोतून उतरताना घंटेचा मनोरा दिसला तेव्हा माझी छाती फुगली होती. वाटले, आता देवाच्या घरात कायमची जागा. पण आत गेल्यावर कळले की कायमची जागा बाकांची असते. जाडजूड लाकडाची, पॉलिश केलेली बाके दोन्ही बाजूंना ऐसपैस बसली होती. प्रत्येकावर कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ पितळी पट्टी होती. आमची रवानगी जिन्याखालच्या खोलीत झाली. तिथे झाडू, बादल्या, एक बंद पडलेला पंखा आणि नाताळच्या नाटकातली पुठ्ठ्याची मेंढरे होती. एका मेंढराचा कान मोडला होता. ते मेंढरू माझे शेजारी.

आम्हाला बाहेर काढायचे ते नाताळला, ईस्टरला, लग्नाला आणि मयताला. बाके भरली की मागे आमच्या रांगा लागायच्या. आमच्यावर बसायचे ते वर्षातून दोनदा येणारे लोक. त्यांच्या कोटांना डांबरगोळ्यांचा वास यायचा. त्यांना गीताचे पान सापडेपर्यंत गीत संपायचे. बाके आमच्याकडे आणि त्यांच्याकडे एकाच नजरेने बघायची. खरे सांगायचे तर मीही त्या माणसांना हसत असे. मला वाटायचे, विश्वास असलेली माणसे पुढे बाकांवर बसतात आणि उरलेली आमच्या वाट्याला येतात.

ही माझी समजूत मोडली ती जिन्याखालच्या खोलीतच. दर रविवारी दाराच्या फटीतून मला उपासना ऐकू यायची. त्यात एक जागा अशी येते की सगळी मंडळी उभी राहते आणि आपल्या विश्वासाचा अंगीकार म्हणते. देव कोण, प्रभू येशू कोण, तो का मेला, कसा उठला, हे सगळे त्यात आहे. माणसाने ज्यासाठी जीव द्यावा अशी ती वाक्ये आहेत, आणि लोकांनी दिलाही आहे. पण मला फटीतून ऐकू यायचे ते पाढे. शाळेत मुले पाढे म्हणतात तसा एक सूर, एक वेग, शेवटी बाके करकरली की समजायचे संपले. मी अंधारात पडल्या पडल्या विचार करायची, हे लोक कुणाला सांगताहेत? आणि ज्याला सांगताहेत तो ऐकत असेल असे यांच्यापैकी एकाला तरी वाटते का?

एका बाईला तो प्रश्न पडला. तिच्यामुळे माझे आयुष्य बदलले.

ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, एका वॉर्डची प्रमुख. सगळे तिला सिस्टर म्हणत, घरी सासूसुद्धा. तिचे वडील याच चर्चचे जुने पाळक, म्हणजे धर्मगुरू, आता देवाघरी गेलेले. तिचा नवरा चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी. तो नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता आणि चर्चही नकाशासारखेच ठेवायचा. किल्ल्यांचा जुडगा त्याच्याकडे, पंखे कधी लावायचे, चटया कधी झटकायच्या, सगळे त्याच्या डोक्यात. माणूस वाईट नव्हता. पुढून दुसरे बाक या घराचे होते. सासू भिंतीकडे, मध्ये सिस्टर, कडेला सेक्रेटरी.

एका साध्या रविवारी, ना सण ना समारंभ, जिन्याखालच्या खोलीचे दार उघडले. सिस्टर उभी होती. ड्यूटीवरून थेट आलेली, गणवेशावर घड्याळ तसेच टाचलेले. थप्पीत सगळ्यात वर मी होते म्हणून तिने मला उचलले, इतकेच. तिने मला चर्चच्या मागच्या दाराजवळ नेऊन उघडले आणि बसली. पुढे दुसऱ्या बाकावर तिची जागा रिकामी होती. माना वळल्या.

अंगीकाराची वेळ आली. मंडळी उभी राहिली, सिस्टरही राहिली. पण तिने ओठ मिटून घेतले. तिचा हात माझ्या पाठीवर होता आणि तो इतका घट्ट होता की मला वाटले, ही आता कोसळेल. ती कोसळली नाही. पाढे संपले, बाके करकरली, आणि ती खाली बसली.

उपासना संपल्यावर सेक्रेटरी किल्ल्या वाजवत आला. चक्कर आली का, बीपी वाढले का, काही खाल्ले का, असे त्याने हळू आवाजात विचारले. ती नाही म्हणाली. तेवढ्यात पाळकसाहेबही आले. ते तरुण होते, मृदू बोलायचे, सगळ्यांना सांभाळून घ्यायचे. तेव्हा सिस्टरने माझ्यावर बसूनच त्यांना सांगितले.

तिच्या वॉर्डात एक म्हातारा शिंपी होता. फुप्फुसे निकामी झालेली, घरचे कुणी यायचे नाही. सकाळी ताप बघताना ती सवयीने त्याला म्हणाली, घाबरू नका, प्रभू तुमच्याजवळ आहे. असे ती रोज कितीतरी जणांना म्हणायची. शिंप्याने तिच्याकडे बघितले आणि विचारले, "सिस्टर, तुमच्याजवळ असतो का तो?" ती हो म्हणाली.

"हो म्हटलं आणि मला कळलं की मी खोटं बोलले," सिस्टर म्हणाली. "त्यालाही कळलं. त्यानं तोंड भिंतीकडे केलं. परत ड्यूटीवर गेले तर पलंग रिकामा होता."

पाळकसाहेब म्हणाले, अशा शंका प्रत्येकाच्या मनात येतात. अंगीकार म्हणत राहावे, म्हणता म्हणता विश्वास बळावतो.

"शंका आली असती तर बरं झालं असतं, साहेब. मला शंकाही नाही आणि विश्वासही नाही. मी नुसतं कोमट पाणी आहे. आणि कोमट पाण्याचं प्रभू काय करतो, हे तुम्हीच मागे सांगितलंत. तोंडातून थुंकून टाकतो. आता मला जे खरं वाटेल तेवढंच मी म्हणणार. नाही वाटलं तर नाही म्हणणार."

"लोक काय म्हणतील?" सेक्रेटरीने विचारले.

"लोक तर दर रविवारी म्हणतातच ना," ती म्हणाली. "मीच म्हणत नाहीये."

त्यानंतर दर रविवारी ती मला काढू लागली. मित्रांनो, मला अभिमान वाटायचा, लपवत नाही. थप्पीतली खुर्ची मी, आणि माझ्यावर कुणी ठरवून बसत होते. पण चर्चमध्ये कुजबुज वाढली. कुणी म्हणे नवराबायकोचे बिनसले आहे, कुणी म्हणे या वयात बायकांचे असेच होते. एका म्हातारबाने तर तिच्या वडिलांचे नाव काढून तिला सुनावले की ते असते तर त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. ती त्याला एवढेच म्हणाली की ते असते तर मी आधी त्यांनाच विचारले असते.

मग कमिटीची सभा बसली. गंमत अशी की सभा आमच्यावरच बसली. माझ्यावर खुद्द सेक्रेटरी होता. त्याने ठराव मांडला की सुट्या खुर्च्यांमुळे दाराजवळची वाट अडते, उद्या आग लागली तर लोकांनी बाहेर कसे पडायचे? म्हणून मोठे सण सोडले तर खुर्च्या कुलपात ठेवाव्यात. बायकोचे नाव कुणी घेतले नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. आग लागण्याची धास्ती त्या चर्चमध्ये इतकी कधीच नव्हती. तिथे साधी ठिणगी पडायची मारामार होती.

सभा संपल्यावर खुर्च्या मिटल्या जाऊ लागल्या आणि माझी बिजागरी अडकली. मी मुद्दाम केले असे म्हणणार नाही, पण मला वाईटही वाटले नाही. सेक्रेटरीने जोर लावला, बोट चेमटून घेतले, आणि वैतागून मला दाराआड ढकलले. ही भंगारात काढा, तो म्हणाला. बाकीच्या आत गेल्या आणि कुलूप लागले. ते कुणासाठी आहे, हे त्याला ठाऊक होते.

पुढच्या रविवारी सिस्टरने कुलूप पाहिले. बाकाकडे गेली नाही. रात्रभर वॉर्डात उभी राहून आलेली ती बाई पूर्ण उपासना भिंतीला पाठ लावून उभी राहिली. प्रवचन लांबले, तरी उभीच. मंडळी बाहेर पडायला लागली तेव्हा तिने दाराआडून मला ओढून काढले आणि सगळ्यांदेखत नवऱ्याला विचारले, "ही भंगारात निघालीय ना? मग मी नेते."

त्याने किल्ल्या खिशात टाकल्या. पाळकसाहेब मात्र हलकेच म्हणाले, न्या. त्या एका शब्दाने त्यांनी किती जणांचा रोष ओढवून घेतला, ते त्यांनाच माहीत.

तिने मला काखोटीला मारले आणि रस्त्याने निघाली. औषधांचे दुकान, केस कापायचे दुकान, बसथांबा, सगळे माझ्याकडे बघत होते. केस कापणाऱ्याने विचारले, सिस्टर, घर बदललंत का? ती म्हणाली, बदलतेय, बघू जमतंय का. घरी तिने शिवणयंत्राचे तेल माझ्या बिजागरीत सोडले, तुटायला आलेली पट्टी बदलली, आणि मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी ठेवले.

आता माझे खरे कामाचे दिवस सुरू झाले. रविवारी ती मला काखेत घेऊन चर्चला जायची आणि घेऊन परत यायची. सेक्रेटरी चार पावले पुढे चालायचा, ओळख नसल्यासारखा. घरात दोघांचे बोलणे जेवायला वाढू का, दिवा घालवू का, एवढ्यावर आले होते. आणि रोज ड्यूटीवरून आली की चहाचा कप ओट्यावर ठेवून ती माझ्यावर बसायची आणि प्रार्थना करायची. प्रार्थना म्हणजे तुम्हाला वाटते तशी नाही. वडिलांकडून शिकलेली सगळी सुंदर वाक्ये तिने बाजूला ठेवली होती. ती म्हणायची, तू आहेस का? असशील तर मला सवयीचा देव नको आहे. मला वडिलांचा देव नको, नवऱ्याच्या कमिटीचा नको. माझ्याशी बोलायचं तर माझ्याशी बोल. मग ती गप्प बसायची. कित्येकदा काहीच व्हायचे नाही. चहा पिऊन ती कणिक मळायला उठायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची.

सासूबाई तिथेच भाजी निवडत असायच्या. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून सिस्टर त्यांच्यासमोर मोकळेपणाने बोलायची. एक दिवस शेंगांच्या शिरा काढता काढता सासूबाई म्हणाल्या, "मला सगळं ऐकू येतं बरं का. लोक काय बडबडतात ते ऐकायचा कंटाळा येतो म्हणून येत नाही म्हणते."

सिस्टर ओशाळली. तुम्हाला राग आला असेल, म्हणाली.

"राग कसला. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या बाकावर ओठ हलवतेय. तू निदान मिटलेस." त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. "त्याच्याकडून काही उत्तर आलं तर मलाही सांग."

त्याच सुमारास वॉर्डात एक तरुण आई आली. रक्ताचा आजार होता, घरी लहान मूल. तिनेही सिस्टरला शिंप्याचाच प्रश्न विचारला. या वेळी सिस्टर हो म्हणाली नाही. मला माहीत नाही, पण मी त्याला रोज विचारते, तुमच्यासाठीही विचारीन, असे तिने सांगितले. ती आई हसली म्हणे, आणि म्हणाली की मग आत्ताच विचारा, मला ऐकू दे. पलंगाचा दांडा धरून दोघींनी प्रार्थना केली, अडखळत, मध्येच थांबत. सिस्टरने घरी येऊन हे सासूला सांगितले तेव्हा तिचा आवाज वेगळा लागत होता.

मी वाट बघत होते की ती आई बरी होईल. गोष्टीत तसेच होते. ती बरी झाली नाही. आठवड्याच्या आत गेली.

त्या दिवशी सिस्टरने चहा केला नाही. मला ओढून उघडले, बसली, आणि जे बोलायला लागली ते मी आजवर चर्चमध्ये ऐकले नव्हते. तू काय समजतोस स्वतःला? लेकरू आहे तिचं. एवढं मागितलं, एवढं तरी द्यायचं होतंस. हात उगारून ती समोरच्या रिकाम्या भिंतीशी भांडत होती. माझे सांधे कुरकुरत होते. सासूबाई दारात येऊन थांबल्या. आणि भांडता भांडता सिस्टर एका वाक्याच्या मध्येच थबकली. उगारलेला हात तसाच राहिला. बराच वेळ ती त्या भिंतीकडे बघत होती, जसे दार उघडल्यावर समोर कुणी उभे असावे.

"नसलेल्या माणसाशी कुणी असं भांडतं का हो, आई?" तिने विचारले.

सासूबाई म्हणाल्या, नाही गं.

मग ती रडली, आणि रडताना मध्येच हसलीही. तिचे दुःख कमी झाले नव्हते. त्या आईचे काय, लेकराचे काय, याचे उत्तर तिला मिळाले नव्हते, आजही नाही. पण ती आता एकटी बोलत नव्हती. हे तुम्हाला पटो न पटो. त्या वेळी तिचा भार माझ्यावर होता आणि तो भार कसा बदलला ते मला कळले. आधी ती माझ्या काठावर, कधीही उठून जाईन अशी बसायची. त्या दिवशी पहिल्यांदा ती टेकून बसली.

रविवार आला. मंडळी उभी राहिली, पाढे सुरू झाले. मित्रांनो, तो अंगीकार ‘आम्ही’पासून सुरू होत नाही, ‘मी’पासून होतो. इतकी वर्षे फटीतून ऐकूनही माझ्या हे लक्षात आले नव्हते, कारण तो शब्द कुणी वेगळा म्हणायचेच नाही. सिस्टरने तो म्हटला. मी. मग थांबली. मग पुढचा शब्द. ती एकेक शब्द असा म्हणत होती जसे प्रत्येकावर सही करायची आहे. मंडळी केव्हाच पुढे निघून गेली. त्यांचे संपले, बाके करकरली, सगळे बसले, आणि सिस्टर मागच्या दाराजवळ उभी राहून मोठ्याने, सावकाश म्हणतच होती. कुणीतरी खाकरले. पियानोवाल्याने पुढच्या गीताचा सूर दिला. पाळकसाहेबांनी हात वर करून त्याला थांबवले. वधस्तंभाच्या वाक्यापाशी ती अडली, तरी बसली नाही. ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. पुढून दुसऱ्या बाकावर सासूबाई भिंतीला धरून उठल्या आणि ओठ न हलवता नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटचा शब्द झाला तेव्हा चर्च इतके शांत होते की घंटेच्या मनोऱ्यातले पारवे ऐकू येत होते.

सेक्रेटरी बसूनच होता.

घरी आल्यावर तो म्हणाला, झाले ना आता, मग बाकावर परत ये. तिने नाही म्हटले. या खुर्चीपर्यंत मी माझ्या पायांनी आले, बाकावर मला बसवले होते, असे काहीसे ती म्हणाली. तो चिडला. मी एवढं चर्चसाठी राबतो ते काय खोटं आहे, असे त्याने विचारले. तिने सांगितले की खोटे नाही. मग तिने विचारले, "पण ज्याच्यासाठी राबतोस त्याच्याशी तू शेवटचं कधी बोललास?" तो उठून गेला. जिन्याखालच्या खोलीचे कुलूप मात्र पुढच्या रविवारी दिसले नाही.

नंतर एका दुपारी सिस्टर ड्यूटीवर होती, सासूबाई आत पडल्या होत्या. सेक्रेटरी स्वयंपाकघरात आला. पाणी प्यायला. मग त्याने मला उघडले. तो बसला, डोळे मिटले आणि कमिटीच्या सभेआधी म्हणतो ती प्रार्थना सुरू केली. हे कृपाळू परमेश्वरा, आजच्या या प्रसंगी... तिथेच तो अडला. प्रसंग कसलाच नव्हता. समोर ओटा होता, निथळायला ठेवलेली ताटे होती. त्याने किल्ल्यांचा जुडगा खिशातून काढून ओट्यावर ठेवला. मग अगदी हलक्या आवाजात तो काहीतरी म्हणाला. ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते माझ्याशी नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, हिचे चांगले झाले, हिला कोपऱ्यात मखमल टाकून ठेवा. खबरदार. पाळकसाहेबांनीही एकदा विचारले होते, हिच्यावर पितळी पट्टी लावूया का? सिस्टर नको म्हणाली, आणि मी तिच्या बाजूची आहे. मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर मला जपून ठेवू नका. बिजागरीत तेल घाला, सैल झालेले स्क्रू आवळा आणि मला उघडा. माझ्यावर बसा, भांडा, रडा, गप्प राहा. मी डुगडुगेन, कुरकुरेन, तुमचा चांगला कपडा कुठेतरी अडकून फाटेलही. पण वापरली न जाणारी खुर्ची गंजते, आणि तिच्यावर कितीही छान चादर घातली तरी आतला गंज थांबत नाही. तुमच्या घरात, तुमच्या छातीत, वडिलांकडून आलेले असे काही मिटून ठेवलेले असेल, तर ते आजच बाहेर काढा. अडकले असेल तर जोर लावा. बोट चेमटेल, चेमटू दे.